बाईंच्या वहीबद्दल आभार

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

वर्गातल्या मुलाच्या डोक्यावर चकतीएवढ्या जागेत केस विरळ दिसले, तेव्हा तुम्ही त्याला चारचौघांत दटावलं नाहीत. तो स्वतःचे केस ओढतो तेव्हा वही काढलीत आणि वेळ लिहून ठेवलीत. हे पत्र त्या वहीसाठी.

तारीख, वेळ, तास कोणता चालू होता, हात कुठे गेला (डोकं, भुवई की पापणी) आणि केस ओढतोय हे त्याचं त्याला कळलं का, अशा दोन आठवड्यांच्या नोंदी. त्यांच्या शेजारी घरून आलेली गोळीची वेळ आणि डोस ठेवला, की एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) औषधाचा यात हात आहे का ते तपासता येतं. मिथिलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाची साधी गोळी जेमतेम चार तास काम करते. गोळीनंतर तासा-दोन तासांत केस ओढले जात असतील तर डोस जास्त होतोय का, ही शंका घ्यावी. चौथ्या तासाच्या आसपास ओढले जात असतील तर औषध उतरतानाची अस्वस्थता असू शकते. सवय गोळीच्या आधीपासूनची असेल, तर सगळा दोष गोळीवर ढकलता येत नाही. एडीएचडी असलेल्या मुलांत ती औषधाविनाही दिसते.

डॉक्टर डोस कमी करतात, वेळ बदलतात किंवा औषध बदलतात. पण एका वेळी एकच बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. घरच्यांनी परस्पर गोळी बंद करू नये, हेही तुम्हीच त्यांना समजावलंत.

हात वर जाताच मिनिटभर मूठ घट्ट आवळायची, ही रीत 1973 मध्ये अॅझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सवय-बदल पद्धतीतली. त्यासाठी तुम्ही त्याच्याशी खुणेचा एक इशारा ठरवलात. ओढणं बहुतेकदा नकळत होतं, म्हणून आधी भान यावं लागतं, मूठ त्यानंतर.

आणि वहीतली ती एक ओळ: ‘केस तोंडात घातले.’ गिळलेले केस पचत नाहीत, पोटात त्यांचा गोळा होऊ शकतो. मग पोट दुखतं, उलट्या होतात, भूक मरते. भूक तर या गोळीनेही मरते, त्यामुळे खरं कारण सहज झाकलं जातं. तुमच्या ओळीमुळे डॉक्टरांनी पोटही तपासलं.

आपले कृतज्ञ,
मुलांच्या वर्तनाच्या अडचणींवर काम करणारे आम्ही सगळे