हजेरी तुझी तूच मांड

तासगाव

चि. सौ. ताईस,

अनेक आशीर्वाद.

राजीनामा दिल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा आण्णा शेजारीच बसले होते, म्हणून मी जास्त काही बोलले नाही. "विचार करूनच केलं असेल पोरीनं," एवढंच म्हणाले आणि बागेकडे गेले. त्यांना काळजी वाटते, मलाही वाटते. पण काळजी वाटते म्हणून नको म्हणावं असं हे नाही. नोकरी सांभाळून, रात्री जागून तू बाहेरची डिझाइनची कामं केलीस, गिऱ्हाइकं जोडलीस, ती टिकवलीस. जूनअखेर नोटीस संपली की तेच तुझं पूर्णवेळ काम होणार. माझा तुझ्यावर भरवसा आहे. तरी काही गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

मी आयुष्यात कधी पगारावर काम केलं नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून द्राक्षबागेत आहे. थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला), डिपिंगला (घड औषधात बुडवायला) वाडीवरच्या बायका येतात, त्यांची हजेरी मी वहीत मांडते. कोण उशिरा आली, कुणाचा अर्धा दिवस, कुणाला किती उचल दिली, सगळं त्यात असतं. संध्याकाळ झाली की त्या हातपाय धुतात, डबा उचलतात आणि घरी जातात. त्या वहीत माझं नाव कधीच नसतं. बागेचा वर्षाचा खर्च काढताना औषधं, खतं, मजुरी, डिझेल, सगळं धरलं जातं. माझे दिवस कुणी धरत नाही. हे दुखणं म्हणून सांगत नाही गं. तू आता माझ्याच पंगतीला येऊन बसते आहेस, म्हणून सांगते. आजवर तुझी हजेरी कंपनी मांडत होती. रजा, सुट्टी, पीएफ, पगारवाढ, सगळ्याचा हिशोब दुसरं कुणीतरी ठेवत होतं. आता तो तू ठेवला नाहीस तर कुणीच ठेवणार नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही घाल. मोबाइलमध्ये ठेवलीस तरी चालेल. कुठल्या गिऱ्हाइकाच्या कामाला किती तास गेले, किती वेळा बदल करून मागितले, फोनवर किती वेळ गेला, सगळं लिही. काम घेताना रक्कम मोठी वाटते, पण तास मांडले की खरा दर कळतो. दोन-तीन महिन्यांची वही समोर असली की भाव सांगताना आवाज कापत नाही. आणि नात्यातली माणसं येतील. कुणाच्या दुकानाचा बोर्ड, कुणाच्या मुलाच्या बारशाची पत्रिका. "तुला काय, पाच मिनिटांचं काम!" त्या पाच मिनिटांचीसुद्धा नोंद कर. करायचं तर मनापासून आहेर म्हणून कर, भिडेखातर नको.

घरातलं सांगू? "घरीच असतेस ना" हे वाक्य तुला फार ऐकावं लागणार आहे. कुरिअर घे, गॅसवाला येईल, मावशी येणार आहेत, जरा चहा टाक. तुझ्या सासूबाई मनानं चांगल्या आहेत, त्या मुद्दाम करणार नाहीत. पण दाराआड बसून लॅपटॉपकडे बघणारी सून काम करते आहे, हे त्यांच्या पिढीच्या डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या महिन्यात जे चालवून घेशील तेच पुढं रीत होऊन बसेल. कामाची वेळ ठरव, त्या वेळेत दार लाव, आणि हे सासूबाईंना जावईबापूंनी सांगू दे. तू सांगितलंस तर उलट उत्तर वाटेल, त्यांनी सांगितलं तर घरची व्यवस्था वाटेल. मला ही तऱ्हा पटत नाही, पण आहे ती अशी आहे.

आता पैसा. आपल्याकडे पैसा वर्षातून एकदा येतो, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. कसा पुरवला जातो ते कदाचित बघितलं नसशील. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. शेडवरून उतरवला, निवडला, बॉक्स भरले की कोल्ड स्टोरेजला टाकतो. सगळा माल एकदम सौद्याला काढायचा नसतो. तुझ्या कॉलेजची फी आली तेव्हा थोडे बॉक्स काढले, दिवाळीला थोडे, छाटणीच्या खर्चाला थोडे. आला पैसा आणि शिरला घरात, असं मी कधी होऊ दिलं नाही. तूही गिऱ्हाइकांचे पैसे एका वेगळ्या खात्यात घे आणि त्यातून दर महिन्याला स्वतःला ठरलेला पगार दे. एखाद्या महिन्यात तिप्पट आले तरी पगार तेवढाच. सहा महिन्यांचा घरखर्च आणि फ्लॅटचे हप्ते त्या खात्यात साठेपर्यंत नवा लॅपटॉप नको, गाडी नको. पीएफला तर हातच लावू नकोस. नोकरीची पाच वर्षं पुरी व्हायच्या आत काढलास तर त्यावर करही बसतो.

आणि उधारी. तू सातवी-आठवीत असशील. बाहेरचा एक व्यापारी यायचा, गोड बोलायचा, आपल्या ओसरीवर बसून जेवायचा. त्या वर्षी भाव चांगला ठरला. निम्मे पैसे रोख दिले, निम्म्याचा चेक. क्रेट भरून गाडी गेली, चेक परत आला आणि त्याचा फोन लागेना. आण्णा त्याच्या गावापर्यंत जाऊन आले, घराला कुलूप होतं. त्या वर्षी माझ्या पाटल्या गेल्या. तेव्हापासून आपल्याकडे काट्यावर पैसे, मग गाडी हलते. तुझ्या कामातही तेच ठेव. निम्मे पैसे आगाऊ, कामात काय येतं आणि काय येत नाही ते लेखी, आणि शेवटच्या फाइली पूर्ण पैसे आल्याशिवाय द्यायच्या नाहीत. तुझ्याकडे जेवून गेलेला असला तरी नाही.

शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणून सांगलीला गेले होते तेव्हा सोसायटीचं ऑडिट करणाऱ्या सीए साहेबांना विचारून आले. त्यांनी कागदावर लिहूनच दिलं. आपल्या देशातली कंपनी व्यावसायिक फी देताना साधारण 10 टक्के टीडीएस, म्हणजे कर, आधीच कापून घेते. उरलेला कर तू आगाऊ भरायचा, 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या तारखांना. चुकलं की व्याज. व्यवसाय कराची नावनोंदणी करायची, वर्षाला 2,500 रुपये. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुढं गेली की. आणि एक कामाचं सांगितलं त्यांनी. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेव. 2006 च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं. परदेशी गिऱ्हाइकाला हे लागू नाही, तिथं आगाऊ रक्कमच बरी.

विम्याचं मात्र टाळू नकोस. तुला थायरॉइड आहे. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नवी पॉलिसी घेतलीस तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीकडे अर्ज करून वैयक्तिक पॉलिसीत गेलं तर आधीची वर्षं धरतात, असं सीए साहेब म्हणाले. नोटीस संपायच्या आत हे कर.

कामं नसलेले महिने येतील. आलेच समज. सध्या आपल्या बागेत खरड छाटणी, म्हणजे हंगाम संपल्यावरची उन्हाळी छाटणी, झाली आहे. एप्रिल ते सप्टेंबर वेलीला विकण्यासारखं काही नसतं, नुसता खर्च. पण पुढच्या वर्षी किती घड लागणार ते याच दिवसांत काडीतल्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, ठरतं, मे-जूनमध्ये. तेव्हा ज्यानं पाण्याची, खताची हयगय केली, त्याला ऑक्टोबर छाटणीनंतर कितीही धडपड केली तरी घड मिळत नाहीत. तुझे रिकामे आठवडे रडण्यात नको जायला. नवीन काही शिक, जुन्या गिऱ्हाइकांना फोन कर, केलेली कामं नीट मांडून ठेव.

सगळ्यात जास्त मला तुझ्या एकटेपणाची भीती वाटते. थिनिंगला आम्ही वीस बायका एका ओळीत असतो. बोलता बोलता दिवस जातो, कुणाचं दुखलं-खुपलं कळतं. तू खोलीत एकटी असणार. त्यात अमेरिकेतल्या माणसाची सकाळ म्हणजे आपली रात्र. आठवड्यातले एक-दोन दिवस बाहेर बसून काम कर, तुझ्यासारखंच काम करणाऱ्या चार जणींना धरून राहा. रात्रीचे कॉल असतील तर सकाळ मोकळी ठेव. आणि आठवड्याची एक सुट्टी वहीत लिही, लाल शाईनं. आमच्या मजूर बायकांना बाजारच्या दिवशी सुट्टी असते, ती त्या कुणासाठीही सोडत नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस काढून ये. येताना कंपनीच्या विम्याचं कार्ड, पीएफचा उतारा आणि फ्लॅटच्या कर्जाचे कागद आण. सीए साहेबांना मी सांगून ठेवलं आहे. जावईबापूंना रजा मिळाली तर त्यांनाही घेऊन ये. आण्णांना तुझं काम काय असतं ते एकदा लॅपटॉपवर दाखव. विचारत नाहीत, पण त्यांना बघायचं आहे.

सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी,
आई