परभणीतल्या त्या दोघांचे आभार

माझ्या जुन्या डेस्कटॉपमध्ये लग्नांचे फोटो ठासून भरलेले. जागा संपली म्हणून ४ टीबीची हार्ड डिस्क आणली, तर तिला वीज देणारी सॅटाची पॉवर वायरच शिल्लक नाही! कॅबिनेट मोटारसायकलवर घालून परभणी गाठली. दुकानातल्या पोरानं भंगाराच्या खोक्यातून मोलेक्स (जुन्या पद्धतीचा पॉवर प्लग) ते सॅटा जोडवायर हुडकून लावली, पैसेही घेतले नाहीत. तरी २ टीबीच वापरता येईना. तिथं माऊस घ्यायला आलेले एक काका म्हणाले, "डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीनं केलीय का? त्या पद्धतीची धाव तेवढीच. डिस्क रिकामी हाय तवर नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्या." केलं, आणि सगळी जागा दिसली. तेवढ्यात लाईट गेली, गडबडीत नावं विचारायची राहिली. दोघांचेही मनापासून आभार. पोरा, तुझा चहा माझ्याकडं उधार हाय.