पालावरच्या बाळांची लस

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली कुटुंबे ऊसतोडीला निघतात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मधल्या काळात ज्या बाळाचे नऊ महिने भरतात, त्याची गोवर-रुबेलाची पहिली लस लांबते. सोबतचा 'अ' जीवनसत्त्वाचा डोसही राहतो. 'गावी गेल्यावर बघू' म्हणत कार्ड पेटीतच पडून असते.

गोवर म्हणजे चार दिवसांचे पुरळ नव्हे. इतर आजारांविरुद्ध अंगाने कमावलेली प्रतिकारशक्तीही तो पुसून टाकतो. मग कित्येक महिने जुलाब, न्यूमोनिया पाठ सोडत नाहीत आणि आधीच हडकुळ्या पोराचे वजन घसरते ते भरून येत नाही. २०२२ मध्ये गोवंडी, मालेगावात गोवराची साथ आपण पाहिली.

लस कोणत्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते. हुकली तरी पाच वर्षांपर्यंत घेता येते. पण दवाखाना गाठायचा तर कोयत्याचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याचा, खाडा होतो (मुकादम काय बोलतो ते वेगळेच!). टोळी उतरली की कारखान्याने लहान मुलांची यादी जवळच्या आरोग्य केंद्राला द्यावी, आणि नर्सताईंनी संध्याकाळी पालावर यावे. सकाळी अकराला तिथे कुणी सापडत नाही.

— एक वाचक, केज (जि. बीड)