तारीख सांगा, कागद दाखवा: स्कॉटलंडच्या परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री,
स्कॉटलंड सरकार, एडिनबरा यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची गुहागर तालुक्यातली, आता बरीच वर्षं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या ट्रूनला राहते आणि अकाउंट्सचं काम करते. पत्र मराठीत लिहितेय कारण मनातलं नीट मराठीतच उतरतं, आणि दुसरं म्हणजे ग्लासगो, एडिनबरा, ॲबर्डीनला आपली इतकी माणसं आहेत, इथे टॅक्स भरतात, भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थमुळे इथे मतही देऊ शकतात, पण गुरुवारी दुपारी 12 वाजता होलीरूडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेच्या, सभागृहात फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे इथल्या सरकारच्या प्रमुखांना, काय काय विचारलं जातं ते फारसं कुणी बघत नाही. मी बघते. बोटींचा विषय असला तर नक्कीच बघते.

बोटींचाच का, तर आमच्याकडे धोपावे ते दाभोळ फेरीबोट आहे, ती बंद असली की चिपळूणवरून केवढा मोठा वळसा पडतो ते तिथल्या माणसाला विचारा. पण निदान वळसा तरी आहे हो. ॲरन, साउथ यूस्ट ही इथली बेटं, त्यांना वळसा नाही. बोट नाही म्हणजे दुकानात माल नाही, हॉटेलचं बुकिंग गेलं, म्हाताऱ्या माणसाची हॉस्पिटलची तारीख गेली. जून 2023 मध्ये साउथ यूस्टच्या फेऱ्या जवळजवळ महिनाभर रद्द झाल्या तेव्हा लॉकबॉइसडेलच्या धक्क्यावर शेकडो माणसं आपापल्या गाड्या, व्हॅन, लॉऱ्या घेऊन जमली होती. एवढ्याशा बेटावर शेकडो म्हणजे किती ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता मुद्द्यावर येते. ग्लेन सॅनॉक्स आणि ग्लेन रोझा या दोन फेरीबोटी. ऑक्टोबर 2015 मध्ये दोन जहाजांचं कंत्राट पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन मरीन या जहाजं बांधणाऱ्या यार्डाला दिलं गेलं, किंमत 9 कोटी 70 लाख पौंड, आणि दोन्ही 2018 पर्यंत मिळायची होती. नोव्हेंबर 2017 मध्ये पहिलीचं जलावतरण झालं तेव्हा तिच्या खिडक्या रंगाने काढलेल्या होत्या, खऱ्या बसल्याच नव्हत्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये यार्ड बुडालं, डिसेंबरपर्यंत सरकारने ते ताब्यात घेतलं, आणि ग्लेन सॅनॉक्स प्रवासी घेऊन निघाली ती जानेवारी 2025 मध्ये, तीही आर्ड्रॉसनहून नाही तर आमच्या ट्रूनहून, कारण आर्ड्रॉसनच्या धक्क्याला ती लागतच नाही. पूर्वी आर्ड्रॉसनहून तासाभराच्या आत ॲरनवरच्या ब्रॉडिकला पोचायची माणसं, आता तासाच्या पुढे वेळ जातो. सगळं धरून खर्च 40 कोटी पौंडांच्या वर गेलाय.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मला बोलायचंय ते यावर विचारलेल्या प्रश्नांबद्दल.

माझे बाबा छोटे कंत्राटदार होते. ग्रामपंचायतीचा साकव बांधायचा असला तरी आधी अनामत रक्कम भरा, मग वर्क ऑर्डर, आणि काम अर्धं टाकून गेलात तर ती अनामत गेलीच. इतकी साधी गोष्ट आहे ही. इथे टेंडरमध्येच अट होती की बांधणाऱ्याने पूर्ण रिफंड गॅरंटी द्यायची, म्हणजे जहाज मिळालं नाही तर दिलेले पैसे परत. फर्ग्युसनने कळवलं की पूर्ण गॅरंटी देता येणार नाही. जहाजं विकत घेणारी सीमॅल ही कंपनी घाबरली, तिने सरकारला धोका सांगितला, तरी कंत्राट झालं आणि यार्ड बुडेपर्यंत किमतीतले बहुतेक पैसे देऊनही झाले होते, वर सरकारने यार्डाला साडेचार कोटींचं कर्ज दिलं ते वेगळंच. मग आमदारांनी जे विचारलं ते कुठल्याही घरात विचारतील तेच होतं: गॅरंटी नसताना हो कोणी म्हटलं आणि का म्हटलं?

एडवर्ड माउंटन यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदेच्या समितीने खोदून खोदून चौकशी केली, डिसेंबर 2020 मध्ये अतिशय कडक रिपोर्ट दिला. मार्च 2022 मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या ऑडिट स्कॉटलंडने सांगितलं की मंत्र्यांनी हा धोका का पत्करला हे समजेल असा पुरेसा कागदोपत्री पुरावाच नाही. वाचून मी सुन्न झाले, खरंच, कारण मी ज्या खुर्चीत बसून काम करते तिथे 200 पौंडांच्या बिलालासुद्धा मंजुरीची सही लागते. त्यानंतर सभागृहात प्रश्नांची सरबत्ती झाली, आणि मे 2022 मध्ये सरकारला ऑक्टोबर 2015 चा एक ईमेल सापडला, त्यावरून तेव्हाचे मंत्री डेरेक मकाय यांनी होकार दिला होता एवढं कळलं. हो कोणी म्हटलं ते कळायला साडेसहा वर्षं लागली. का म्हटलं, ते त्या ईमेलमध्येही नाही. रिचर्ड लेनर्ड यांच्या ऑडिट समितीपुढे नोव्हेंबर 2022 मध्ये तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर खुद्द निकोला स्टर्जन येऊन बसल्या, मार्च 2023 मध्ये समितीचा रिपोर्ट आला, तरी तो 'का' तिथेच आहे.

मंत्रीमहोदय, या साडेसहा वर्षांत त्या आमदारांना विरोधासाठी विरोध करताय असं किती वेळा ऐकावं लागलं. आणि शेवटी निघालं काय, तर त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि कागद सरकारच्याच कॉम्प्युटरमध्ये पडला होता.

लहानपणी आमच्या घरी पेपरात अधिवेशनाच्या बातम्या मोठ्याने वाचल्या जायच्या, तारांकित प्रश्न, लक्षवेधी वगैरे. महाराष्ट्राच्या विधिमंडळातल्या छापील प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे, 'हे खरे आहे काय', 'असल्यास, कोणती कार्यवाही केली', आणि शेवटी हमखास 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तरंही ठरलेली असतात, 'हे अंशतः खरे आहे' किंवा 'प्रश्न उद्भवत नाही', आणि बाबांना त्या 'प्रश्न उद्भवत नाही'चा फार राग यायचा. ते म्हणायचे अरे साकव वाहून गेलाय, प्रश्न उद्भवला म्हणून तर विचारला ना. इथे आल्यावर वाटलं होतं की इतकं नवं सभागृह, 1999 मध्ये सुरू झालेलं, सत्ता वाटून घेणं, उत्तरदायित्व, खुलेपणा, समान संधी अशी चार तत्त्वं सुरुवातीलाच ठरवून घेतलेलं, इथे असं नसेल. लेखी प्रश्नाला अधिवेशन चालू असताना साधारण 10 कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायला हवं, हे किती चांगलं आहे. पण दहाव्या दिवशी येतं ते 'लवकरात लवकर उत्तर देऊ' असं नुसतं होल्डिंग आन्सर असलं, किंवा हा बोटी चालवणाऱ्या कॅलमॅक कंपनीच्या रोजच्या कामकाजाचा विषय आहे तिकडे विचारा असं असलं, तर तो आमदार आपल्या बेटावरच्या लोकांना काय दाखवणार?

आणि हे तिकडे विचारा मला अजिबात पटत नाही. जहाजं सीमॅलच्या मालकीची, चालवते कॅलमॅक, बांधते फर्ग्युसन, बरोबर? पण या तिन्ही कंपन्यांची मालकी बघा, तिन्हीकडे स्कॉटलंडचे मंत्रीच आहेत. लंडनवर तर ढकलताच येत नाही, स्कॉटलंडच्या आतल्या बोटी हा पूर्णपणे तुमच्याकडे दिलेला विषय आहे. 1997 च्या सार्वमतात 74.3 टक्के लोकांनी हे सभागृह मागितलं ते निर्णय जवळ यावेत म्हणून, मग निर्णय जवळ आला तर उत्तर देणारा माणूसही जवळच हवा ना.

अजून एक गोष्ट खटकते. सरकार आपल्याच बाकावरच्या आमदाराकडून लेखी प्रश्न लावून घेतं आणि त्याच्या उत्तरात घोषणा करतं. नियमात बसतं, माहितीये मला. पण चांगली बातमी द्यायची असते तेव्हा प्रश्न विचारला त्याच दिवशी आकड्यासकट उत्तर तयार असतं, म्हणजे पटकन आणि पूर्ण उत्तर देता येतं हे तुम्हीच सिद्ध करताय. तीच तत्परता साउथ यूस्टच्या प्रश्नाला दाखवा, एवढंच मागतेय.

पोर्ट ग्लासगोच्या कामगारांबद्दल माझ्या मनात काहीही वाईट नाही, उलट त्यांच्यावर फार अन्याय झालाय असंच वाटतं. डिझाइन नक्की झालेलं नसताना पत्रे कापायला लावले, त्यात त्यांचा काय दोष. मार्च 2025 मध्ये सात छोट्या इलेक्ट्रिक बोटींचं काम पोलंडला गेलं तेव्हा त्या गावाला किती लागलं असेल याचा विचार मी ट्रूनच्या धक्क्यावरून येता-जाता करते. म्हणून तर कोणी ठरवलं ते स्पष्ट व्हायला हवं, नाहीतर डाग वेल्डरच्या हातावर राहतो.

तर माझा प्रश्न बाबांना पाठ असलेल्या साच्यातच विचारते. ग्लेन रोझा सप्टेंबर 2025 पर्यंत मिळेल असं सांगितलं होतं आणि मे 2025 मध्ये ती तारीख 2026 च्या एप्रिल ते जूनवर ढकलली गेली, हे खरे आहे काय? असल्यास, हा उशीर होणार हे मंत्र्यांना सगळ्यात आधी कोणत्या तारखेला, कोणत्या कागदातून कळलं आणि तो कागद सभागृहापुढे ठेवला का? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल, सोबत कागद जोडा.

आपली,
ट्रूनची एक मतदार