विंचवावरच्या लशीसाठी ग्रामस्थ आणि मुंबईकर मंडळींना आवाहन

सप्रेम नमस्कार.

भातकापणी तोंडावर आली आहे. भारे उचलताना, सरपण काढताना, गडग्याच्या फटीत हात जाताना विंचू डसतो तो याच दिवसांत. आपल्या महाड-पोलादपूर पट्ट्यात लाल विंचू आहे. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव जातो तो या लहानशा तांबूस विंचवाने, आणि सर्वांत जास्त धोका पोरांना.

मंडळाने यंदा देणगी मागायची ठरवली ती मंदिराच्या रंगासाठी नव्हे, लशीसाठी. का, ते नीट सांगतो.

विंचवाच्या विषात हायल्युरोनिडेज नावाचे एक विकर असते. आपल्या पेशींना धरून ठेवणारा जो गिलावा आहे, तो हे विकर विरघळवते. वाट मोकळी झाली की विषातली खरी मारक प्रथिने भराभर रक्तात उतरतात. ती मज्जातंतूंवरची सोडियमची दारे मिटू देत नाहीत. मग अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. नुसत्या ठणक्याने कोणी मरत नाही. पण दरदरून घाम, ओकाऱ्या आणि गार पडलेले हातपाय दिसले की क्षणभरही थांबायचे नाही. (पुष्कळ दंशांत विष थोडेच जाते आणि माणूस आपोआप बरा होतो. विंचू उतरवणाऱ्याचे नाव होते ते बहुतेक अशाच दंशांवर.)

लस तयार होते घोड्यांच्या रक्तातून. घोड्यांना लाल विंचवाचे विष अगदी थोडे थोडे टोचतात, आणि त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे शुद्ध करून कुप्यांत भरतात. ही प्रतिपिंडे विषाला चिकटून त्याला निकामी करतात. मात्र ती पकडतात ते रक्तात मोकळे फिरणारे विष. जे मज्जातंतूंवर जाऊन बसले, त्याने सुरू केलेली पडझड लस लगेच थांबवू शकत नाही. म्हणून पहिले काही तास मोलाचे. सर्पदंशाची लस इथे चालत नाही. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यासाठी आहे.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे काम आपण जाणताच. प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले. त्याआधी गंभीर रुग्णांत शंभरातले पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण त्यांच्या रुग्णांत एकाच्याही खाली आले. पुढे 70 रुग्णांवर त्यांनी तुलना केली. ती 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8. म्हणजे गोळी जीव वाचवते, पण लस जोडीला असली तर पोर लवकर सावरते.

सरकारी साठा येतो, पण ऐन हंगामात तो कधी संपेल याचा नेम नाही, आणि आपल्या वरच्या वाड्यांवरून रात्री गाडी मिळत नाही. त्यामुळे जमलेला पैसा तीन गोष्टींवर जाईल. आधी लशीच्या राखीव कुप्या. त्या आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहतील, कोणाच्या घरी नाही, कारण लशीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते आणि ती डॉक्टरांसमोरच द्यावी लागते. दुसरे, रात्रीच्या गाडीचे भाडे. उरलेल्या रकमेतून प्रत्येक वाडीला एक अतिनील बॅटरी घेऊ. तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो आणि अंथरूण, पडवी, गोठा झटक्यात तपासून होतो.

गावातल्या घरांनी किमान 200 रुपये द्यावेत, मुंबईकरांनी 1000. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी रात्री गाडी काढायला नाव द्यावे, ती मदत आम्हाला देणगीइतकीच हवी आहे. रक्कम मंडळाच्या बँक खात्यातच भरावी, रोख दिल्यास खजिनदारांकडून पावती घ्यावी. कुप्या किती आल्या, किती वापरल्या आणि मुदत कधी संपते याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल. मुंबईच्या मंडळींनी दसऱ्यापर्यंत पाठवले तर कापणीआधी खरेदी होईल.

आपले,
ग्रामविकास मंडळाचे कार्यकर्ते