शेजारचे दार का रंगवायचे?

महोदय,

दसरा-दिवाळी जवळ आली की नागपुरात डेंटिंग-पेंटिंगच्या वर्कशॉपसमोर गाड्यांची रांग लागते आणि एक भांडण ठरलेले असते: ‘मार मागच्या दाराले बसला, मंग पुढच्या दारावर रंगाची गन काऊन मारून राहिले?’ ग्राहकाचा संशय दर वेळी खोटा असतो असे नाही. पण मेटॅलिक आणि पर्ल (मोत्यासारखी झाक असलेल्या) रंगांत पेंटर शेजारचे पॅनेल, म्हणजे दार-बॉनेटसारखा लगतचा भाग, रंगवायला मागतो, त्यामागे बहुतेक वेळा ठोस कारण असते.

कोडप्रमाणे रंग आणला की शेड (छटा) जुळली, हा पहिला गैरसमज. बॉनेटखालच्या किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवरील कोड फक्त मिश्रणाचे सूत्र सांगतो. कारखान्यात रंग मोकळ्या सांगाड्यावर बसतो आणि सुमारे १४० अंशांना भाजला जातो. दुरुस्तीला आलेल्या गाडीत वायरिंग, रबर, प्लॅस्टिक असते, त्यामुळे चांगल्या बूथमध्येही (रंग मारून वाळवायच्या बंद खोलीतही) साधारण ६० अंशांवर थांबावे लागते. एकाच कोडच्या दोन बॅच सारख्या नसतात, म्हणून तर रंगकंपन्या एका कोडला चार-चार उपछटा देतात. वरून आपले ऊन! मे महिन्यात ४५ अंशांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या छताचा आणि बॉनेटचा रंग दारांच्या आधी उतरतो. म्हणजे एका गाडीतच जुन्या रंगाच्या दोन छटा झालेल्या असतात.

त्यातून मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचा चुरा असतो. रंगाचा ओला हात मारला तर हे कण खाली बुडतात आणि रंग समोरून गडद दिसतो. कोरडा हात मारला तर ते वरच आडवे पडतात आणि रंग उजळतो. डबा तोच, गन तीच, फक्त हवेचा दाब किंवा थिनर बदलला तरी शेड बदलते. उन्हाळ्यात फास्ट थिनर वापरला की फवारा पत्र्यावर पोहोचेपर्यंत अर्धा वाळतो, आणि नवे दार जुन्यापेक्षा पांढुरके का दिसते म्हणून पेंटर टिंटर (मिश्रणातली रंगद्रव्ये) बदलत बसतो. (मे महिन्यात वर्कशॉपमध्ये डेझर्ट कूलर लावून रंग मारणाऱ्यांना काय सांगावे? ती ओल शेवटी रंगातच उतरते.)

म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यावर त्याच गनने, त्याच दाबाने शेड मारावी, वर क्लिअर (पारदर्शक, चकाकीचा थर) द्यावा आणि वाळल्यावर तो तुकडा कंपाउंडने (पॉलिशच्या लेपाने) साफ केलेल्या जुन्या पॅनेलला लावून उन्हात पाहावा. समोरून, तिरके आणि जवळजवळ पत्र्याच्या रेषेत, असे तिन्हीकडून. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड सकाळी रस्त्यावर उघडी पडते.

एवढे करूनही उन्नीस-बीस राहतेच. दाराच्या फटीच्या अल्याड-पल्याड दोन छटा समोरासमोर आल्या की तो फरक डोळ्याला लगेच खुपतो. तोच फरक दीड-दोन फुटांत हळूहळू विरवला तर दिसत नाही. ब्लेंडिंग म्हणतात ते एवढेच.

मागच्या दाराच्या पुढच्या कडेला मार असेल, तर पुट्टी-प्रायमर फक्त त्या दारावर. प्रायमर ५०० नंबरच्या पेपरने घासायचा. पुढचे दार पूर्ण धुऊन, वॅक्स-सिलिकॉन काढून १००० नंबरच्या वॉटर पेपरने सगळीकडे मॅट (बिनचमक) करायचे. सिलिकॉन राहिले तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. हँडल, आरसा, बीडिंग (काचेखालची पट्टी) काढायचे. टेप लावून भागवले तर पुढे क्लिअरचा पापुद्रा नेमका हँडलपासून सुटतो. बेस कोटचा (क्लिअरखालच्या मूळ रंगाचा) पहिला हात दुरुस्तीपुरता, दुसरा त्यापुढे वीतभर, तिसरा आणखी पुढे. मनगट वळवून नाही, तर ट्रिगर हळूहळू सोडत फवारा विरवायचा. प्रत्येक हातानंतर रंग मॅट होईपर्यंत, साधारण ५ ते १० मिनिटे, थांबायचे. ब्लेंडच्या भागावर आधी ‘ब्लेंडर’ या बिनरंगी द्रवाचा ओला थर दिला तर कण त्यात नीट बसतात. तो टाळला की कडेला काळपट किंवा पांढुरके वलय उमटते आणि ते कितीही पॉलिश केले तरी जात नाही.

क्लिअर मात्र दोन्ही दारांवर कडेपासून कडेपर्यंत. क्लिअरचा जोड पॅनेलच्या मधोमध ठेवून थिनरने पुसून विरवणे ही सर्वांत महागात पडणारी बचत आहे. डिलिव्हरीच्या दिवशी काहीच दिसत नाही, एक-दोन उन्हाळ्यांत तिथे रेघ उमटते आणि मग साल निघते. क्लिअर घाईत किंवा जाड मारला तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो, हे नागपूरकरांना समजावून सांगायला नको. तो कटिंग करून, म्हणजे बारीक घासून, सपाट करता येतो, पण क्लिअरचा थर जेमतेम ५०-६० मायक्रॉनचा. प्रत्येक कटिंगमध्ये त्यातले थोडे जाते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज सकाळी सोडले नाही तर ते हवेबरोबर रंगात जाऊन पुढे फोड येतात. आणि क्लिअर कडक करणाऱ्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. कापडी रुमाल किंवा कागदी मास्क त्याला अडवत नाही.

शेजारचे पॅनेल दर वेळी लागतेच असेही नाही. ओरखडा दाराच्या मधोमध असेल तर बेस त्याच दारात विरवता येतो. साध्या सॉलिड पांढऱ्या रंगात शेड नीट काढली की बहुतेकदा एक पॅनेल पुरते. बंपर तर प्लॅस्टिकचा आणि मुळातच वेगळा रंगवलेला, तिथे थोडा फरक नव्या गाडीतही सापडतो. उलट तीन थरांच्या पर्ल पांढऱ्यात पर्लचा एक हात कमी-जास्त झाला तरी शेड पळते. तिथे ब्लेंड नको म्हणणारा ग्राहक स्वतःचेच नुकसान करतो.

आता आम्हा कारागिरांची मूळ तक्रार. विम्याच्या कामात सर्व्हेअर (नुकसान तपासणारे) अनेकदा ‘डॅमेज एकाच पॅनेलला’ म्हणून ब्लेंडचे पैसे कापतात. मग पेंटर एकच दार मारतो आणि शिव्या खातो. ब्लेंडला पूर्ण पॅनेलइतका बेस लागत नाही हे खरे, पण घासणे, खोलणे-बसवणे आणि क्लिअर पूर्ण लागतो. प्रमाणित मोटार पॉलिसीत रंगकामावर ५० टक्के घसारा (जुनेपणाची कपात) फक्त साहित्याच्या किमतीवर असतो, आणि एकत्रित बिलात साहित्य एकूण रंगकामाच्या २५ टक्के धरले जाते. म्हणजे ८,००० रुपयांच्या रंगकामात साहित्य २,००० आणि कपात १,०००. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) असेल तर तीही नाही. यापेक्षा जास्त कापले गेले तर ग्राहकाने हिशेब लेखी मागावा. ‘ब्लेंड, पुढचे दार’ ही ओळ मात्र सर्व्हे होण्याआधीच्या एस्टिमेटमध्ये हवी, कारण रंग मारून झाल्यावर ती कोणी मंजूर करत नाही.

– वाहन रंगकाम करणारे काही कारागीर, नागपूर