सगळ्या डोंगरासाठी एकच जोडी

डेन्व्हर, मार्चअखेर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

बॉस्टनचे बिऱ्हाड आवरून तू आणि वहिनी एप्रिलच्या शेवटी इकडे येत आहात, हे वाचून फार आनंद झाला. घर, शाळा, गाडी हे सगळे सोडून तू मला फक्त बर्फावरून घसरायच्या स्कीबद्दल विचारलेस, हे तुझ्या स्वभावाला धरूनच आहे. तेव्हा मीही दुसरे काही लिहीत नाही.

कोलोरॅडोत येतोच आहे तर १०५ मिलिमीटरची चांगली रुंद जोडी घेऊन टाकावी, असे तू म्हणतोस. माझे मत स्पष्ट सांगतो, घेऊ नकोस. इथे पडणारा बर्फ कोरडा आणि हलका असतो आणि ताज्या बर्फात बुटाखालची रुंदी जितकी जास्त तितकी स्की वर तरंगते, हे दोन्ही खरे आहे. परंतु असे दिवस मोजकेच येतात आणि त्या सकाळी अर्धे डेन्व्हर आय-७० महामार्गावर गाड्या घेऊन खोळंबलेले असते. तू पोहोचेपर्यंत त्या बर्फाची पार नासाडी झालेली असते. तुझ्यासारख्या नोकरदार माणसाच्या वाट्याला बहुतेक शनिवारी यंत्राने दाबून सपाट केलेले उतार, दुपारनंतर त्यांवर साचणारे मऊ ढीग आणि विंटर पार्क या स्की-केंद्राच्या मेरी जेनसारख्या भागातले उंचवटेच येणार आहेत. रुंद स्कीची कड बुटाच्या मध्यापासून दूर असल्यामुळे कठीण बर्फात ती रोवताना गुडघ्यावर जास्त ताण येतो, आणि जानेवारीत तू पन्नाशी गाठली आहेस, याची आठवण करून देणे मला भाग आहे.

याउलट तुझ्याकडची ७२ मिलिमीटरची जोडी व्हरमाँटला योग्यच होती. पाऊस पडून पुन्हा गोठलेला आणि त्यात यंत्राने तयार केलेला तिथल्या किलिंग्टन स्की-केंद्राचा टणक बर्फ धरायला अरुंद स्कीसारखे दुसरे काही नाही. मात्र तुडवलेल्या मऊ बर्फात तिचे टोक खाली घुसते आणि पाय अडकतो. या दोन्हींच्या मधले, साधारण ८८ ते ९६, हे तुझे माप.

रुंदीचा आकडा जुळला की काम झाले, असे मात्र समजू नकोस. दुकानात दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धर. मध्यभागी, बुटाच्या जागी, बोट शिरेल एवढी फट दिसली तर तिथे कॅम्बर, म्हणजे कमानीसारखा बाक, आहे. तुझ्या वजनाने ती फट दबते आणि कड सगळ्या लांबीभर बर्फाला भिडते. आता टोकाकडे बघ. दोन्ही टोके बरीच आधीपासून एकमेकींपासून दूर होत गेली असतील तर तो रॉकर, जो मऊ बर्फावर स्कीला वर काढतो आणि वळण सोपे करतो. तुला मध्ये कॅम्बर आणि पुढे माफक रॉकर असे दोन्ही हवे. हा रॉकरचा प्रकार आपल्या तरुणपणी कुणाच्या डोक्यातही नव्हता. शेन मकॉन्की या स्कीपटूच्या खटपटीतून वोलांट कंपनीची उलट्या बाकाची स्पॅच्युला ही स्की २००२ मध्ये बाजारात आली, तेव्हा लोक तिला हसले होते. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या इलान कंपनीने कमरेत बारीक आणि टोकांना रुंद अशी एससीएक्स काढली, तेव्हाही सरळसोट दोन मीटरच्या स्कीवर वाढलेल्यांनी नाके मुरडलीच होती.

लाकडी गाभ्यावर टायटॅनलचे पत्रे असलेली स्की वेगात थरथरत नाही. नावात टायटन असले तरी तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे, त्यामुळे विक्रेत्याच्या सुरात वाहून जाऊ नकोस. धातू जास्त तितकी स्की जड आणि हट्टी होते. नॉर्डिकाची एन्फोर्सर ९४ मला या बाबतीत सर्वांत समतोल वाटते. इलानची रिपस्टिक ९६ हलकी आहे, तिच्यावर डावी-उजवी अशी खूणही असते. फोल्कलची मँट्रा उत्तम, पण ती सतत जोर मागते, आणि दिवसाच्या शेवटी तो आपल्यापाशी उरत नाही. तुझ्या उंचीला १७२ ते १७८ सेंटिमीटर लांबी पुरे. रॉकरमुळे बर्फाला टेकणारी कड आखूड होते, म्हणून नाकापर्यंतच्या लांबीवर थांबू नकोस.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारी कळ, घेताना तिच्या ब्रेकची (सुटलेली स्की थांबवणाऱ्या दांड्यांची) रुंदी स्कीपेक्षा थोडी जास्त आहे ना, आणि तुझ्या बुटाचा तळ त्यात बसतो ना, एवढे विचार. पडल्यावर बूट ज्या दाबाला त्यातून सुटतो तो दाब मात्र तंत्रज्ञाकडूनच लावून घे आणि वय खरे सांग. वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांबरोबर वयही त्या तक्त्यात धरतात, आणि पन्नाशीपासून दाब एक पायरी कमी ठेवतात.

विकत घेण्याआधी एक दिवस डेमो, म्हणजे चालवून बघायची, जोडी भाड्याने घे. हंगाम संपताना यंदाची मॉडेल्स स्वस्त होतात आणि काही दुकाने भाडे किमतीतून वळते करतात. अरापाहो बेसिन हे इथले स्की-केंद्र बहुतेक वर्षी जूनपर्यंत चालू असते; वसंतात तिथे सकाळी रात्रभर गोठलेला टणक उतार मिळतो आणि दुपारी त्याच उतारावर मऊ लगदा होतो, त्यामुळे एकाच दिवसात दोन्ही परीक्षा होतात. जी जोडी सकाळी घसरत नाही आणि दुपारी अडकत नाही ती घे, रंग कसाही असो.

जुनी जोडी विकू नकोस. नोव्हेंबरात इथे बर्फाचा थर पातळ असतो, खालचे दगड तळाला चरे पाडतात, आणि त्या दिवसांत नवी जोडी बाहेर काढण्याची मला तरी छाती होत नाही. सामानाच्या ट्रकमध्ये तिला जागा ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मकरंद